आजोबांची दुनळी आणि पुण्यातले चाचा : जुन्या बंदुकीचं व्हॅल्युएशन करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

मागच्या दिवाळीला वाईजवळच्या आमच्या घराची माळ्यावरची खोली आवरायला काढली, तर धान्याच्या कणगीमागे एक चपटी चामडी पेटी सापडली, पितळी कोपरे, आत लाल बनात, तीन तुकड्यांचा साफ करायचा गज, तेलाची छोटी पितळी बाटली आणि बंदुकीच्या सुट्या भागांच्या आकाराच्या रिकाम्या खाचा. बंदूक कुठंय ते सगळ्यांना माहीत होतं. मोठे काका तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हा आजोबांची ती बारा बोरची दुनळी पुण्यात एका आर्म्स डीलरकडे जमा केली होती, पावती आत्याच्या कपाटात. पण पेटी आहे हे आत्याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तीही म्हणाली की लहानपणी बघितली होती, मला वाटलं कधीच भंगारात गेली.

झाकणाच्या आत लेबल, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव वाचता येत होतं : आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी, खाली बॉम्बे. मुंबईत काळा घोड्याला जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, तेच हे दुकान. लंडनमध्ये १८७१ ला लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्यासाठी काढलेली सोसायटी, आणि मग मुंबईत शाखा, तंबूपासून बंदुकीपर्यंत सगळं मिळायचं.

आमच्याकडे गोष्ट अशी सांगत आलेत की गोऱ्या कलेक्टरने पणजोबांना ही बंदूक भेट दिली. म्हणून ठरवलं की वारसाचा अर्ज पुढे सरकवायच्या आधी नीट व्हॅल्युएशन करून घ्यावं, नक्की आहे तरी काय ते कळू दे.

आधी एका दुसऱ्या शहरातल्या दुकानात व्हॉट्सअॅपवर जुने फोटो पाठवले होते. पाच मिनिटांत उत्तर, "जुना माल आहे, ४० हजार देतो, ठेवायची असेल तर बफिंग करून नवीन ब्लूइंग मारून देतो, लाकडाला वार्निश, एकदम नवी दिसेल." (ब्लूइंग म्हणजे लोखंडावर चढवायचा निळसर काळा मुलामा.) नंबर विचारला नाही, शिक्के विचारले नाहीत. तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं आणि आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो, आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

मग जिथे बंदूक जमा होती तिथेच विचारलं की हिचं कुणी बघून देतं का. त्यांच्याकडे एक म्हातारे मिस्त्री आठवड्यातून दोन दिवस येतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही तेच म्हणालो. दुकानाचं नाव इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, जमा असलेल्या हत्यारांची जाहिरात नको म्हणून, आणि ते मला पटलं. फी ३ हजार, दोन भेटी, एक पानी लेखी रिपोर्ट.

पहिल्या भेटीत बंदूक बाहेर आलीच नाही. काकांचं लायसन्स, मृत्यूचा दाखला, जमा पावती, वारसाच्या अर्जाची पोच, सगळं बघून झाल्यावर मगच तारीख दिली. भाऊ जरा वैतागला, म्हणाला शंभर वर्षांची अँटिक वस्तू आहे, तिला कशाला लायसन्स. चाचांनी त्याला शांतपणे समजावलं की जी बंदूक चालू आहे किंवा दुरुस्त करून चालू होऊ शकते ती कितीही जुनी असो, आर्म्स अॅक्ट लागू. सूट आहे ती पूर्ण निकामी झालेल्या, दुरुस्तीनेही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. हे खूप लोकांना माहीत नसतं आणि घरात आजोबांची आठवण म्हणून भिंतीला टांगून ठेवतात, कृपया तसं करू नका.

दुसऱ्या भेटीत काउंटरवर जाड फ्लॅनेल अंथरलं, बंदूक आणली, दस्त्याला अजून सुतळीने बांधलेली पोलीस ठाण्याची चिठ्ठी होती, दर इलेक्शनला आचारसंहिता लागली की जमा करायचे तेव्हाची. बिनघोड्याची, म्हणजे घोडे बाहेर दिसत नाहीत, आत आहेत. १८७५ ला बर्मिंगहॅमच्या वेस्टले रिचर्ड्समधल्या अँसन आणि डीली या दोघांनी जी बॉक्सलॉकची, म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा नळ्यांमागच्या लोखंडी खोक्यात बसवायची, रचना पेटंट केली तीच ही, आणि नंतर अर्ध्या जगाने ती उचलली. म्हणजे रचना दुर्मिळ नाही, हे चाचांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मला हे आवडलं, गिऱ्हाईकाला हवेत चढवलं नाही.

बंदुकीवरचं सोसायटीचं नाव त्यांनी नुसतं वाचलं आणि पुढे गेले. आधी स्क्रू. "बेटा, नाव कोणीपण कोरतं, स्क्रू खोटं बोलत नाही." प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत सरळ उभी होती आणि कडा धारदार, म्हणजे चुकीचा पेचकस घेऊन कुणी ही उघडलेलीच नाही. मग पुढचं लाकूड काढलं, नळ्या सुट्या केल्या, उलट्या करून बुडाचा सपाट भाग भिंगाखाली धरला आणि मला बोलावून दाखवलं. मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी, आणि एका चौकटीत १२ आणि सी. नावासोबतचा पत्ता लंडनचा, १०५ व्हिक्टोरिया स्ट्रीट, पण शिक्के बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (तिथे नळ्या बार काढून तपासतात), म्हणजे बनली बर्मिंगहॅमला आणि सोसायटीने स्वतःच्या नावाने विकली. मुकुट आणि अक्षरांचे हे शिक्के १९०४ पासूनचे, चौकटीतला सी १९२५ नंतर बंद झाला, म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली. एनपी म्हणजे नायट्रो पावडरसाठी, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, फक्त काळ्या दारूची नाही. आणि चाचा म्हणाले की इंग्लिश नाव असूनही इथे अंडाकृतीत ईएलजी दिसलं तर ती बेल्जियमची, नावावर जाऊ नका.

त्यानंतर जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सुट्या नळ्या खालच्या हुकातून एका बोटावर लटकवल्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच ठोकल्या. देवळातल्या छोट्या घंटेसारखा नाद, लांब, पाचसहा सेकंद विरत गेला, आत्या पटकन उठून जवळ आली. दोन नळ्यांच्या मधली पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो म्हणे. मग नळ्या ट्यूबलाइटकडे धरून आतून बघायला लावलं, प्रकाशाची गोल कडी सगळीकडे अखंड पाहिजे, डाव्या नळीत एका जागी ती किंचित मोडत होती, तिथे बारीक पोचा. आतला व्यास .७३१ इंच भरला, मूळ बारा बोर म्हणजे .७२९, झीज अगदी नगण्य. भिंतीची जाडी सगळ्यात पातळ जागी २६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), २० च्या खाली गेली की चाचा बार काढू देत नाहीत.

सगळ्यात कामाची गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. ही जुनी इंग्लिश बंदूक, चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर म्हणून विकतात त्या काडतुसाचं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, बंदूक बंदही होते, आणि तिथेच लोक फसतात, कारण तोंडाची घडी उडताना उलगडते आणि पुढच्या अरुंद जागेत जाऊन अडते, दाब वाढतो. काका डुकरं हाकलायला वर्षानुवर्षं कुठली काडतुसं वापरत होते देव जाणे.

आता पैशाचं. चाचांनी बंदुकीचे सव्वादोन लाख सांगितले आणि पेटी मूळची असल्यामुळे वर ५० ते ६० हजार, पण दोन्ही एकत्र राहिले तरच. तिकडे इंग्लंडमध्ये लिलावात असल्या बॉक्सलॉक काही शे पौंडांत जातात, इथे भाव आहे कारण ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणता येत नाही, आहे तेवढाच माल. आणि घेणारा लायसन्सवालाच पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकंच. बफिंग करून ब्लूइंग मारलं असतं तर कोरीव काम पुसट, शिक्के घासलेले, सव्वादोनचे निम्मे झाले असते. लाकडाला फक्त जवसाचं तेल, तेही थेंबभर, असं बजावून सांगितलं. कलेक्टरच्या गोष्टीचे किती? शून्य, कागद असेल तर आणा म्हणाले. आत्याला वाईट वाटलं, पण तिनेच जुनं लायसन्सचं पुस्तक काढलं, त्यात पहिली नोंद १९४९ ची, आजोबांच्या नावे, भेट की खरेदी काहीच नाही.

चाचांच्याच सांगण्यावरून ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हजना मेल केला, सोसायटीची बंदुकांची रजिस्टरं तिथे आहेत. त्यांची फी वेगळी, पण उत्तर व्यवस्थित आलं : नंबर, बारा बोर हॅमरलेस, १९११. शिक्क्यांवरून चाचांनी जो काळ काढला होता त्यात बरोबर बसलं.

तक्रारी आहेत. दोन आठवडे म्हणाले आणि रिपोर्टला पाच लागले, फोन दहादा केला तर एकदा उचलतात, रिपोर्ट हाताने लिहिलेला इंग्लिशमध्ये आणि आत्याला वाचून दाखवावा लागला. फोटो आपणच काढायचे. ५ पैकी साडेचार देतोय, तो अर्धा या फोनसाठी कापला.

उरलेले सगळे स्टार एका गोष्टीसाठी. नंबर तीन ठिकाणी असतो, नळ्यांवर, पुढच्या लाकडाच्या लोखंडावर आणि चापाच्या मागच्या पट्टीवर. तिन्ही जुळले, म्हणजे सगळे भाग मूळचे. पण चाचांनी काकांचं लायसन्स शेजारी ठेवलं आणि बोट लावलं, बंदुकीवर चौथा आकडा ८, लायसन्सवर ३. कुठल्यातरी रिन्यूअलला कुणीतरी उतरवताना चुकलं आणि पुढे तेच चालत आलं, जमा करतानाही लायसन्सवरूनच पावती फाडली, बंदूक कुणी उलटी करून बघितलीच नाही. वारसाच्या नावावर करताना तपासणीत हे निघालं असतं तर आमच्या बंदुकीला लायसन्सच नाही असा अर्थ झाला असता. आरटीओत चासी नंबरचा ठसा घेतात ना, तसा चाचांनी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, तीन ठिकाणचे तीन ठसे, दुकानाच्या लेटरहेडवर पत्र, आणि १९४९ च्या पुस्तकाची झेरॉक्स, ज्यात तो आकडा स्पष्ट ८ आहे. ते सगळं जोडून कलेक्टर ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पुढची तारीख २२ ची आहे.

निघताना आत्याने विचारलं, एकदा पेटीत ठेवून बघू का. चाचांनी स्वतः ठेवली, नळ्या एका खाचेत, दस्ता दुसरीत, पुढचं लाकूड मधल्या छोट्या खणात, आणि झाकण कुठेही न अडता बसलं. मग पुन्हा उघडलं, बंदूक पुसून आतल्या रॅकला गेली, आणि पेटी आम्ही एसटीत मांडीवर घेऊन वाईला परत आणली.