बिटविग, रीपर, लाइव्ह की एफएल? प्लगइन पडला की सोबत काय जातं ते पाहा

संगीत बनवायचं सॉफ्टवेअर सारखं क्रॅश होतंय म्हणून दुसरं घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे लक्षात घ्या की पडतो तो बहुधा प्लगइन, म्हणजे त्यात बाहेरून जोडलेलं वाद्य किंवा इफेक्ट. तो सहसा सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये (म्हणजे संगणकावर चालू असलेल्या त्याच प्रोग्राममध्ये), त्याच मेमरीत चालत असल्याने जाताना सगळं सोबत घेऊन जातो. म्हणून मी निवड करताना दोनच गोष्टी बघतो: एक प्लगइन मेला तर काय काय बंद पडतं, आणि गुन्हेगार किती लवकर हाती लागतो.

पहिल्या मुद्द्यावर बिटविगला तोड नाही. बर्लिनच्या या कंपनीने २०१४ साली पहिली आवृत्ती काढली, तेव्हापासून प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आहे. सेटिंगमध्ये ठरवता येतं: सगळे प्लगइन एकत्र, कंपनीनुसार वेगळे, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र खोली, म्हणजे स्वतंत्र प्रोसेस. स्वतंत्र ठेवलेला सिंथ (आवाज तयार करणारा प्लगइन) पडला तर त्याचा ट्रॅक मुका होतो, बाकीचं गाणं वाजत राहतं, आणि तो सिंथ तिथल्या तिथे पुन्हा लोड करता येतो. ऑडिओ इंजिन, म्हणजे आवाज वाजवणारा भाग, सुद्धा पडद्यावर दिसणाऱ्या खिडकीपासून वेगळं आहे, त्यामुळे आवाज गेला तरी प्रोजेक्ट सेव्ह करता येतो. मात्र प्रत्येक प्रोसेस आपली मेमरी खाते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र खोली देणं म्हणजे चैन. तिथे 'कंपनीनुसार' हा पर्याय पुरतो.

रीपर हेच काम करतं, पण मागितल्याशिवाय नाही. ट्रॅकवरच्या प्लगइनच्या, म्हणजे एफएक्सच्या, यादीत संशयित प्लगइनवर राइट-क्लिक करून 'रन ॲज' मध्ये जायचं. 'सेपरेट प्रोसेस' निवडलं तर असे सगळे प्लगइन मिळून एका वेगळ्या प्रोसेसमध्ये जातात. 'डेडिकेटेड' निवडलं तर तो एकटाच. एकच उनाड प्लगइन बाजूला काढायचा असेल तर हे बिटविगपेक्षा स्वस्तात होतं.

पण रीपरची खरी ताकद दुसऱ्या मुद्द्यात आहे. प्रोजेक्ट उघडायलाच तयार नसेल, तर फाइल उघडायच्या डायलॉगमध्ये 'ओपन विथ एफएक्स ऑफलाइन' अशी खूण करायची जागा आहे. ती केली की सगळे प्लगइन झोपलेल्या अवस्थेत प्रोजेक्ट उघडतो. मग एकेक जागा करत जायचं. ज्याच्या पाळीला सॉफ्टवेअर पडेल तो आपला चोर. शिवाय आरपीपी ही प्रोजेक्ट फाइल साध्या अक्षरांत असते. नोटपॅडमध्ये उघडली तर कुठल्या ट्रॅकवर कुठला प्लगइन आहे ते वाचता येतं. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आणि चाचणीचे ६० दिवस पूर्ण सुविधांसह, त्यामुळे घेण्याआधी तुमचे त्रास देणारे प्लगइन त्यात घालून बघाच.

एबलटन लाइव्हमध्ये अशी भिंत नाही. प्लगइन गेला की सेटही (लाइव्हमधला प्रोजेक्ट) गेला. पुन्हा सुरू केल्यावर काम परत मिळवायचं का असं विचारतं आणि बऱ्याचदा शेवटच्या क्षणापर्यंतचं परतही देतं. ते जमलं नाही तर सेटच्या बॅकअप फोल्डरमध्ये जुन्या प्रती असतात. सेट उघडतानाच पडत असेल तर सेटिंगमधून प्लगइनचे स्रोत बंद करून उघडायचा. थोडक्यात, लाइव्ह सावरायला मदत करतं, पडायचं मात्र थांबवत नाही. मॅकवाल्यांसाठी लॉजिकही आहे. ते सुरूच होत नसेल तर कंट्रोल दाबून ठेवून कोअर ऑडिओशिवाय (मॅकच्या आवाजाच्या यंत्रणेशिवाय) उघडून बघा.

एफएल स्टुडिओची खोड वेगळीच. ते प्लगइनला दर वेळी सारख्याच लांबीचा ऑडिओचा तुकडा देईलच असं नाही, आणि काही प्लगइनना ते सहन होत नाही. साधं वाजताना ठीक, ऑटोमेशन क्लिप (प्लगइनची बटणं आपोआप फिरवणारी नोंद) घातली की करकर किंवा थेट क्रॅश, असं होत असेल तर प्लगइनच्या खिडकीतल्या रॅपर सेटिंगमध्ये 'यूज फिक्स्ड साइज बफर्स' चालू करा. त्याच भागात 'मेक ब्रिज्ड' आहे. त्याने प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये जातो. एवढ्यावर भागलं तर सॉफ्टवेअर बदलायचं कारणच उरत नाही, आणि एफएलचे पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट असतात हेही विसरू नका.

पैसे मोजण्याआधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'ॲप्लिकेशन' मध्ये जा. क्रॅशच्या वेळेची लाल नोंद उघडली की 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ दिसते. तिथे प्लगइनचं नाव असेल तर संशयित सापडला. 'एनव्हीओजीएलव्ही६४' दिसलं तर तो एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा भाग आहे, आधी तो अपडेट करा. 'एनटीडीएलएल' असेल तर ती विंडोजचीच फाइल, त्यावरून फारसं काही ठरत नाही. मॅकवर हीच माहिती कन्सोलमधल्या क्रॅश रिपोर्टमध्ये, 'क्रॅश्ड थ्रेड'खाली मिळते.

प्लगइनमधल्या ओव्हरसॅम्पलिंग (आवाजावर जास्त बारकाईने काम करणं) किंवा लुकअहेड (पुढचा आवाज आधीच बघून घेणं) या सेटिंगवर ऑटोमेशन टाकलं असेल तर ते काढा. त्यांनी प्लगइनचा विलंब बदलतो आणि सॉफ्टवेअरला वाजता वाजता सगळ्या ट्रॅकचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. आणि क्रॅक केलेले प्लगइन? गणपतीच्या तोंडावर रिमिक्सची घाई असताना हेच ऐन वेळी दगा देतात. ते ठेवून सॉफ्टवेअर बदलण्यात पैसे घालवू नका.

माझं मत विचाराल तर घरगुती स्टुडिओ आणि जुना लॅपटॉप असेल तर रीपर. स्टेजवर लॅपटॉप वाजवत असाल आणि बाहेरचे प्लगइन भरपूर असतील तर बिटविग. लाइव्हवर हात बसलाय आणि मोजकेच प्लगइन वापरता, तर आहात तिथेच राहा. बदलायचंच ठरलं तर अर्धवट गाणं मध्येच हलवू नका. या चौघांत ऑटोमेशन एकातून दुसऱ्यात जसंच्या तसं जाईलच असं नाही. प्रत्येक ट्रॅक इफेक्टसह वेव्ह ऑडिओ फाइल करून घ्या, आणि नवं सॉफ्टवेअर पुढच्या गाण्यापासून सुरू करा.