बंदरातील पक्षीनिरीक्षणाची नौकाफेरी: सहकुटुंब जावे का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना आणि आईला घेऊन शहराच्या बंदरात केलेली ही नौकाफेरी मला मनापासून आवडली. याचे पहिले श्रेय नौका चालवणाऱ्यांना जाते, कारण पक्षी दिसला की नौका त्याच्या जवळ दामटण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. उन्हाळा हा इथल्या पाणपक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. सुरय पक्षी बेटाच्या उघड्या वाळूत किंवा शिंपल्यांच्या चुऱ्यात अंडी घालतात, आणि माणसांच्या भीतीने आईबाप उडून गेले, तर सावली नाहीशी होऊन अंडी व पिल्ले उन्हाच्या तडाख्याने दगावू शकतात. हे मार्गदर्शकाने आधीच नीट समजावून सांगितल्यामुळे बेटापासून बऱ्याच अंतरावर इंजिन मंद झाले, तेव्हा मुलांनीही कुरकुर केली नाही.

त्या अंतरावरूनही पुष्कळ दिसले. एक सुरय पाण्यावर जागच्या जागी पंख फडफडवत थांबला, चोच खाली रोखून सूर मारला आणि चोचीत आडवा धरलेला चंदेरी मासा घेऊन थेट पिल्लाकडे गेला. खांबांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. त्यांची पिसे बदकांच्या पिसांपेक्षा अधिक भिजतात. त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, मात्र नंतर पंख वाळवत बसावे लागते. दिशादर्शक खांबावर ऑस्प्रेचे काटक्यांचे भले मोठे घरटे होते. हा शिकारी पक्षी पायाचे बाहेरचे बोट मागे वळवू शकतो आणि तळव्यावरच्या खरखरीत काट्यांमुळे निसटता मासाही घट्ट पकडतो. उडताना तो माशाचे डोके पुढे ठेवतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. हे मुलांनी दुर्बिणीतून स्वतः पाहिले, आणि मला वाटते, अशा फेरीचे खरे मोल यातच आहे.

दुर्बिणींच्या बाबतीत मात्र आयोजकांनी सुधारणा करायला हवी. त्या संख्येने अपुऱ्या होत्या, शिवाय बहुतेक दहापट मोठे दाखवणाऱ्या होत्या. हलत्या नौकेवर हाताचे कंपनही तेवढेच मोठे होऊन दिसते, म्हणून ८×४२ किंवा ७×५० दुर्बिणी (पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास) अधिक सोयीच्या पडतात. स्वतःची असल्यास अवश्य न्यावी. मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे होती आणि ती घालण्याचा आग्रहही होता.

वरच्या डेकवर सावली नाही, त्यामुळे वयस्कर मंडळींनी खालीच बसावे. शक्य असेल तर संध्याकाळची फेरी निवडावी. उन्हाची झळ कमी होते, तापलेल्या हवेमुळे दूरचे दृश्य थरथरत नाही आणि रातबगळे चरायला बाहेर पडू लागतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज निदान बेटांजवळ तरी बंद ठेवावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे.