फार्मसीच्या फळीवरचे केसांचे उपाय: सोळा वर्षांच्या मुलासाठी काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

म्हापसा असो की मडगाव, फार्मसीत जाऊन ‘मुलाचे केस अचानक जायला लागलेत, काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर साधारण चार वस्तू येतात: कांद्याचं तेल, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमी, मिनॉक्सिडिलची बाटली आणि एखादं मलम. आजार कोणता ते न बघता यातली कुठलीही उचलली, तर पैसे जातात आणि कधी कधी आजार वाढतो. म्हणून फळीआधी डोकं बघायचं.

मुलाला उजेडात बसवून केस बोटांनी बाजूला करा. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा, त्यावर खपली नाही, आणि कडेचे आखूड केस मुळाशी बारीक, टोकाला जाड, तर बहुधा चाई. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे असतील तर शंका आणखी बळावते. चट्ट्यावर साल, खाज, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, मानेत गाठी, असं असेल तर बुरशी. सलूनच्या नीट साफ न केलेल्या मशीनवरूनही ती येते. चट्टा कुठेच नाही, पण उशीवर आणि न्हाणीघराच्या जाळीवर मूठमूठ केस, तर दोन-तीन महिने मागे जा. जुलैत डेंगी झाला असेल तर केस चतुर्थी ते दिवाळीच्या दरम्यान गळतात. टायफॉइड, शस्त्रक्रिया, वजन उतरवायला केलेली उपासमार यांचंही तसंच. हे केस बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप सावरतात. दिवसाला 50 ते 100 केस जाणं तर कुणाचंही चालतं. बोअरच्या पाण्याला मात्र आपल्याकडे उगाच बदनाम करतात. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण चट्टा पडत नाही.

आता फळी. कांद्याचं तेल: बाटलीत कांद्याचा अर्क नावापुरता, बाकी तेल आणि सुगंध. नुकसान क्वचितच, चाईवर भरवशाचा फायदा नाही. तेलच लावायचं तर घरचं खोबरेल काय वाईट आहे?

बायोटिनच्या गमी: चौदा ते अठरा वयात दिवसाला 25 मायक्रोग्रॅम पुरतं. अंडं, शेंगदाणे, मासे खाणाऱ्या घरात ते मिळतंच. डब्यावर मात्र 5,000 किंवा 10,000 लिहिलेलं असतं. जास्तीचं लघवीवाटे जातं, पण जाताना थायरॉइडच्या तपासणीत घोळ घालतं आणि नसलेला आजार कागदावर दिसू शकतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस गमी बंद ठेवा, आणि घेत होतो हे लॅबमध्ये सांगा.

मिनॉक्सिडिल 5 टक्के: खरं औषध, पण वेगळ्या कामाचं, आनुवंशिक टकलाचं. वेष्टनावर अठरा वर्षांखालच्यांना नको असं लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी दिलंच तर सहसा दिवसातून दोनदा 1 मिली, कोरड्या टाळूवर. म्हणजे 60 मिलीची बाटली महिनाभर. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती उलट वाढते, आणि नेमकी तिथेच लोक बाटली फेकतात. फरक दिसायला चार महिने लागतात. घरात मांजर असेल तर ती मुलाच्या उशीवर झोपणार नाही हे बघा. तिच्यासाठी हे औषध जीवघेणं ठरू शकतं.

सगळ्यात वाईट गुण मलमाला. या ट्यूबमध्ये अनेकदा जोरकस स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. टाळूवरच्या बुरशीला ते लावलं की खाज, लाली आठवडाभर दबते आणि बुरशी आत पसरत राहते. ती केसाच्या मुळात असते, तिथे मलम पोचतच नाही. तिला पोटातूनच औषध लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, आणि कोर्स आठवड्यांचा असतो. कीटोकोनाझोल शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुतला तर इतरांना लागण कमी होते, एवढंच.

आणि फळीवर नसलेला, शेजारच्या आजींकडून येणारा बिब्बा. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या बिया भाजताना चीक उडून कातडी कशी सोलते हे गोव्यात सांगायला नको. चाईवर तोच प्रकार केला तर फोड येतात, आणि व्रण राहिला तर तिथे पुन्हा केस येत नाहीत.

हेअर क्लिनिकच्या सहा सिटिंगच्या पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा अंश टाळूत टोचणं) पॅकेजला आगाऊ पैसे भरू नका. तापानंतरच्या गळतीत त्याची गरज नाही, आणि केस परत आले की श्रेय पॅकेज घेतं.

पैसे खर्चायचेच तर त्वचारोगतज्ज्ञांवर खर्चा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहेच. चाईच्या लहान चट्ट्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, एका टोचणीला जेमतेम 0.1 मिली, दर चार ते सहा आठवड्यांनी. दुखतं, आणि औषध जास्त झालं तर कातडीला खळगा पडतो. लहान चट्टे वर्षभरात आपले आपणही भरतात, त्यामुळे थांबून पाहू असं डॉक्टर म्हणाले तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. भुवया, पापण्या जाऊ लागल्या किंवा चट्टे जोडले जाऊ लागले तर मात्र थांबू नका. रिटलेसिटिनिब या गोळीला अमेरिकेत 2023 मध्ये बारा वर्षांपुढच्या गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली. ती तज्ज्ञांच्या देखरेखीचीच गोष्ट.

जाताना चट्ट्याशेजारी नाणं ठेवून काढलेले तारखेसकट फोटो न्या. महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढणाऱ्या केसाचा हिशोब नजरेने होत नाही. लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब सोबत ठेवा. आणि त्या दिवशी डोक्याला तेल नको, तेलाखाली खपली दिसत नाही.