झायलोजसाठी यीस्ट: दोन एन्झाइमांचा रस्ता की एकाचा?

काड्यांपासून इथेनॉल करताना त्यांच्या सेल्युलोजमधून सुटलेलं ग्लुकोज यीस्ट फस्त करतं, तिथे काही अडत नाही. अडतं ते काड्यांतल्याच हेमिसेल्युलोजमधून येणाऱ्या झायलोज या साखरेपाशी. साध्या सॅकरोमायसीसला, म्हणजे नेहमीच्या पावाच्या यीस्टला, ते पचत नाही, आणि ते तसंच सोडून दिलं तर इथेनॉलचा हिशेब बसत नाही. म्हणजे बाहेरची जनुकं घालणं आलंच. प्रश्न इतकाच की कुठली? पिकिया स्टिपिटिस या दुसऱ्या यीस्टमधली, झायलोजचं आधी झायलिटॉल आणि मग यीस्टला पचणारं झायल्युलोज करणारी रिडक्टेज आणि डीहायड्रोजनेज या एन्झाइमांची जोडी, की तेच एका पायरीत करणारं एकटं आयसोमरेज? मी दोन्हींवर काम केलंय, तेव्हा थोडं अनुभवाचं.

जोडी कामाला लवकर लागते, हे आधी मान्य करतो. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९०च्या दशकात याच वाटेने यीस्ट घडवलं, आणि तेव्हापासून ही वाट चांगलीच मळलेली आहे. माझ्याही हातात पहिल्या फेरीतच झायलोज उतरताना दिसलं. वेगाच्या बाबतीत माझं आयसोमरेजवालं यीस्ट तिच्या जवळपासही नव्हतं.

पण झायलिटॉल! दोघांनाही इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे मदतनीस रेणू लागतात: रिडक्टेजला एनएडीपीएच जास्त मानवतं आणि डीहायड्रोजनेजला एनएडी लागतं, ज्याचं मग एनएडीएच होतं. एक जण एका खिशातून खर्च करतो, दुसरा भलत्याच खिशात जमा करतो. प्राणवायू नसेल तर साठलेलं एनएडीएच मोकळं व्हायला जागा मिळत नाही, पुढचं पाऊल अडतं आणि साखर झायलिटॉल होऊन बाहेर पडते. हे सगळं मी वाचलेलं होतं. वैताग आणला तो वेगळ्याच गोष्टीने. थोडी हवा दिली की झायलिटॉल कमी होतं, फार दिली की यीस्ट इथेनॉल सोडून स्वतःच वाढत बसतं. त्यामुळे माझे निकाल फ्लास्कचं बूच किती घट्ट बसलंय यावर ठरू लागले. एकाच दिवशी, एकाच बियाण्यातून लावलेले तीन फ्लास्क, आणि तिन्हींच्या आलेखात झायलिटॉलचा उंचवटा वेगळा. शेकरचा वेग बदलून पाहिला, फ्लास्कमधलं द्रावण कमीजास्त केलं; एक प्रश्न सुटला की दुसरा उभा. रिडक्टेजमध्ये बदल करून त्याला एनएडीएचकडे वळवता येतं, त्याने फरकही पडतो. माझा धीर मात्र तोवर संपला होता.

आयसोमरेजमध्ये ही उधारउसनवारीच नाही: झायलोजचं थेट झायल्युलोज. गंमत म्हणजे बरीच वर्षं जिवाणूंची आयसोमरेजं यीस्टमध्ये धड चालत नव्हती. चाललं ते हत्तीच्या लिदीतून वेगळ्या केलेल्या पायरोमायसीस बुरशीचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने ते २००३ मध्ये दाखवलं. मात्र जनुक घातलं आणि झालं, असं इथे होत नाही. त्याच्या बऱ्याच प्रती लागतात, झायल्युलोजला पुढे ढकलणारं झायल्युलोकायनेज हे एन्झाइम वाढवावं लागतं, त्यापुढच्या पेंटोज फॉस्फेट मार्गालाही जोर द्यावा लागतो. एवढं करूनही माझं यीस्ट झायलोजवर आठवडेच्या आठवडे ढिम्म होतं. ताज्या माध्यमात पुन्हा पुन्हा लावत, त्यातलं चपळ तेवढं पुढे नेत राहावं लागलं. पण एकदा जमल्यावर बूच सैल असो वा घट्ट, तिन्ही फ्लास्क एकच बोलू लागले. एक ग्रॅम झायलोजमधून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल निघू शकतं. त्या आकड्याच्या जवळ मी गेलो तो याच वाटेने.

तुमच्या भट्टीत हवेवर काटेकोर ताबा ठेवता येत असेल, किंवा दोनतीन महिन्यांत काहीतरी दाखवायचं असेल, तर जोडी घेण्यात चूक नाही. काड्या उकळताना सुटणारं ॲसेटिक आम्ल तर दोघांनाही छळतं, त्यावरून निवड करू नका. मी पुन्हा सुरुवात केली तर बहुधा आयसोमरेजच घेईन. तुम्ही घेणार असाल तर यीस्टचं स्वतःचं जीआरई३ जनुक काढलेलं आहे ना, ते आधी विचारा. ते राहिलं तर तेही थोडं झायलिटॉल बनवतं, आणि झायलिटॉल आयसोमरेजलाच दाबतं. माझा एक महिना त्यातच गेला.