लीड्सची खोली आणि आमचे ३,६८,८८० रुपये

तीन लाख अडुसष्ट हजार आठशे ऐंशी रुपये. आकडा आधीच सांगून टाकते. लेकीच्या इंग्लंडमधल्या खोलीसाठी हे पैसे मी माझ्या हाताने, माझ्या फोनवरून, ओटीपी टाकून पाठवले. तशी खोली भाड्याने द्यायला कुणी काढलेलीच नव्हती. माझ्या सासूबाईंना हे अजून माहीत नाही, माहेरी फक्त भावाला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांचे आईबाप आत्ता ह्याच धावपळीत असतील.

मी मुलुंडला राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. व्हाउचरवरचं नाव आणि चेकवरचं नाव जुळतंय का, हे बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पोलीस ठाण्यात मला विचारलं गेलं, "शिकलेल्या बायका तुम्ही, अशा कशा फसता?" त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

लेकीला फूड सायन्स करायचं होतं. अकरावीपासून रात्री जेवणं आवरली की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसायचो. ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज जिथे एकत्र भरतात त्या युकासच्या एका अर्जात पाचच कोर्स टाकता येतात, म्हणून लीड्स, रेडिंग, नॉटिंगहॅम अशी नावं लिहीत-खोडत वही भरली. आमच्या वेळची २८.५० पाउंड फी, २९ जानेवारीची मुदत, ४,००० अक्षरांत बसवायचं पर्सनल स्टेटमेंट, सगळं आमचं आम्ही केलं. परदेशी विद्यार्थी घ्यायचा परवाना कोणाकडे आहे त्याची यादी ब्रिटन सरकारच्या साइटवर असते. त्यात विद्यापीठाचं नाव मी स्वतः शोधून पाहिलं. जिथे सगळं जग ओळखतं तिथे मी यादी तपासली, आणि ज्याला कोणी ओळखत नव्हतं त्याच्या शब्दावर पैसे पाठवले. हे माझ्या मनातून जात नाही.

खोलीची वेळ का आली तेही सांगते. ऑफर पक्की करताना एका कन्सल्टंटची मदत घेतली होती. ते म्हणाले, "ॲकोमोडेशनचं मागाहून बघू मॅडम." विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या अर्जाला मुदत असते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी मुदतीत अर्ज केला तर बऱ्याच विद्यापीठांत जागेची हमी असते, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. ह्या लोकांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, तुमचं मूल कुठे झोपणार ह्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ऑफर आली की त्याच दिवशी वसतिगृहाचं पान उघडून मुदत वहीत लिहा.

२०२५ चा जुलै उजाडला आणि खोली नाही. लेक सप्टेंबरला जाणाऱ्या मुलांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होती. तिने तिथे विचारलं आणि दहा मिनिटांत एकाचा मेसेज आला. दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाला, मूळचा ठाण्याचा. संध्याकाळी मला फोन आला, "नमस्कार काकू." मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. तिथली थंडी, डाळ-तांदूळ कुठे मिळतो, कुकर बॅगेत कसा भरायचा, सगळं न विचारता सांगितलं. लीड्सच्या बर्ली भागात तिघी मुलींचं घर आहे, एक मुलगी सोडतेय, तिची खोली. आठवड्याला १५५ पाउंड, बिलं धरून. "काकू, माझ्या बहिणीसारखी आहे ती, काळजी करू नका." हो, मी विरघळले. अठरा वर्षांची पोर सात हजार किलोमीटर लांब पाठवायची आणि तिथे कोणीतरी आपल्या भाषेत काकू म्हणतंय. कोणती आई विरघळली नसती?

व्हिडिओ आला. निळा पडदा, टेबल, खिडकीतून विटांची भिंत. मी लाइव्ह व्हिडिओ कॉल मागितला तर "आत्ताची मुलगी अजून राहतेय काकू, तिची प्रायव्हसी आहे" म्हणाला. मला ते सभ्यपणाचं वाटलं. तुम्ही असलं काही ऐकून घेऊ नका. लाइव्ह कॉलवर दाराबाहेर जाऊन घराचा नंबर आणि रस्त्याची पाटी दाखवायला सांगा, नाही दाखवली तर तिथेच थांबा.

९ जुलैला खोली अडकवून ठेवायचे २०० पाउंड, त्याने सांगितलेल्या ११६ रुपयांच्या दराने २३,२०० रुपये, यूपीआयने गेले. इंग्लंडमध्ये असे पैसे एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, २०१९ चा कायदा आहे. भाडं १५५ आणि मागितले २००. पहिल्याच व्यवहारात तो उघडा पडला होता, पण मला कायदा माहीत नव्हता आणि वाचायचं सुचलं नाही. ११ जुलैला डिपॉझिट, ५०० पाउंड, ५८,००० रुपये. डिपॉझिट कुठल्या स्कीममध्ये ठेवणार, हे मी विचारलंच नाही. तिथे खासगी घरमालकाला ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं. नुसता प्रश्न विचारला असता तरी तो अडखळला असता.

मग म्हणाला, मालकीणबाईंना पहिल्या १६ आठवड्यांचं भाडं आधी हवंय, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, आणि व्हिसाच्या फाइलला घराचं पत्र लागतं ते भाडं भरल्यावरच मिळेल. हे धादांत खोटं होतं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला घराचा पुरावा लागत नाही. खात्यात पैसे दाखवावे लागतात, आमच्या वेळी लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पाउंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे, सलग २८ दिवस ठेवलेले. आम्ही ते ठेवले होते. तरी "व्हिसा" शब्द ऐकला आणि माझं डोकं चालेना.

मी म्हटलं, बँकेतून पाउंडातच पाठवते. तो म्हणाला, "कशाला काकू, फॉर्म भरा, टीसीएस कापणार, चार दिवस लागणार. तिथेच भारतात माझ्या मामाच्या खात्यात टाका, मी इथून मालकीणबाईंना देतो." १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, लागतच नाही. मी अकाउंट्सची बाई. वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसात हाच नियम मी दोघांना समजावून सांगितला होता.

आता तो क्षण. १६ जुलै, बुधवार, रात्री साडेनऊ. हे सेकंड शिफ्टला. एफडी मोडून पैसे खात्यात आले होते. एनईएफटीसाठी नवीन खातं जोडलं आणि स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. आता बँका ते आधी दाखवतात. यूपीआयला आलेलं नाव मामाचं म्हणून मी धरलं होतं. हे नाव माणसाचं नव्हतंच, शेवटी "एंटरप्रायझेस" होतं आणि शाखा दुसऱ्या राज्यातली. लेक शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आई, मामाचं नाव वेगळं होतं ना?"

मी तिच्यावर खेकसले. "तू तुझ्या व्हिसाच्या फाइलचं बघ." आणि २,८७,६८० रुपये पाठवले.

ऑफिसात असं व्हाउचर समोर आलं असतं तर मी लाल शाईने गोल करून परत पाठवलं असतं. घरात मात्र माझ्या मुलीने बोट ठेवून दाखवलं आणि मी तिला गप्प केलं. रात्री झोप लागत नाही ती पैशांसाठी नाही, त्या एका वाक्यासाठी. तुमचं मूल काही विचारत असेल तर हातातला फोन खाली ठेवा आणि आधी ते ऐका.

२४ जुलैला दिव्यांची अमावस्या. ओट्यावर समया घासत होते आणि मेसेज आला. कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, व्हेरिफिकेशन आहे, ८५० पाउंड, परत मिळणारे, ९८,६०० रुपये, आज रात्रीपर्यंत. तेव्हा पहिल्यांदा हात थांबला. माझ्या नणंदेच्या सासरचा एक पुतण्या ब्रॅडफर्डला असतो. तिथून लीड्स ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. आधी त्याला विचारलं नाही, कारण त्या घराचे उपकार नको होते. हा माझा अहंकार आम्हाला किती महाग पडला ते वर लिहिलंच आहे. शनिवारी तो बर्लीला गेला. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. ते बत्तीस वर्षं त्या घरात राहतात, कधी खोली दिली नाही. आमच्याकडचं सही-शिक्क्याचं करारपत्र फोनवर पाहून ते हादरले, कारण पत्ता त्यांचाच होता. तिथल्या लँड रजिस्ट्रीत ७ पाउंड भरले की घर कोणाच्या नावावर आहे ते घरबसल्या कळतं. सात पाउंड म्हणजे आठशे रुपये.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तेव्हा दहा दिवस उलटले होते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तरच पुढच्या खात्यात जाण्याआधी ते अडवता येतात. संशय आला की नक्की व्हायची वाट पाहू नका, आधी १९३० आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार.

आणि आता पोलीस ठाणं. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला "हे सिव्हिल मॅटर आहे, भाड्याचा व्यवहार." तिसऱ्या खेपेला "गुन्हा परदेशात घडलाय, तिकडे तक्रार करा." माझे पैसे मुलुंडमधून गेले, भारतातल्या खात्यात पडले, फोनचा नंबर भारतातला, मग परदेश आला कुठून? मी म्हटलं हद्द तुमची नसेल तर झिरो एफआयआर घ्या, नव्या कायद्यात कलम १७३ आहे. त्यावर साहेब लेकीकडे बघून म्हणाले, "इथे कॉलेजं नाहीत का?" माझी मुलगी तक्रारदार म्हणून तिथे उभी होती, आणि तिलाच जाब विचारला गेला. भर पावसात पाच खेपा घातल्या, तीन वेळा त्याच कागदांच्या झेरॉक्स काढल्या, एकदा तर आधी दिलेला संचच सापडेना. एफआयआर १४ ऑगस्टला झाला, पहिल्या खेपेनंतर एकोणीस दिवसांनी, तोही भावाच्या ओळखीच्या वकिलांनी फोन केल्यावर. भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी ॲक्टचं ६६ ड, दोन्ही फसवणुकीची कलमं. ज्यांना वकील माहीत नाही त्यांनी काय करायचं?

बँकेत त्याहून वाईट. "ओटीपी तुम्हीच टाकलात." हो, मीच टाकला, म्हणूनच तर आले ना? समोरच्या बँकेला तुम्ही कळवलंत का, एवढाच माझा प्रश्न होता. तीन काउंटर फिरवलं, अर्जाची प्रत घेतली आणि पोच द्यायला नकार दिला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का देत नसतील तर तिथेच उभं राहून त्यांच्या तक्रारीच्या ईमेलवर तोच अर्ज पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. मी गेलेय, अजून उत्तर नाही.

दुसऱ्या एका खात्यात ४१,३०० रुपये गोठवलेले सापडले आहेत. ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं आम्हाला सांगितलं. दोन तारखा झाल्या. बाकी ३,२७,५८० पुढच्या कुठल्या खात्यांत गेले, ते सांगायला कोणी फोन उचलत नाही.

लेकीला खोली मिळाली. जुलैच्या शेवटी तिने विद्यापीठाच्या ॲकोमोडेशन ऑफिसला चार ओळींचा ईमेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रद्द झालेली एक जागा होती, आठवड्याला १७२ पाउंड. सोबत लिहिलं होतं की बाहेरची खोली घ्यायची असेल तर आधी आम्हाला पत्ता पाठवा, आम्ही सांगू शकतो. लीड्समध्ये युनिपोल नावाची विद्यार्थ्यांच्या घरांसाठीची संस्थाही आहे, तेही सल्ला देतात. हे सगळं जूनमध्ये फुकट मिळत होतं.

गणपती झाल्यावर ती गेली. विमानतळावर म्हणाली, "आई, आता तो विषय नको." मी विषय काढत नाही. परवा तिने स्वतःच एक स्क्रीनशॉट पाठवला, २०२६ ला येणाऱ्या मुलांच्या ग्रुपमधला. नंबर वेगळा, नाव वेगळं, भाडं १६० पाउंड. खिडकीला तोच निळा पडदा. मी तो तपास अधिकाऱ्यांना त्याच रात्री पाठवला. दोन निळ्या टिक आल्या आहेत.