ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) टाचेचे जेल पॅड : घेण्यासारखे आहेत, पण स्टिरपचे बघून घ्या

नागपूरच्या धंतोलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या ओटीत आहे मी, मेडिकल चौकाकडच्या एका सर्जिकल दुकानातून टाचेचे आणि स्टिरपचे (ऑपरेशनच्या टेबलाला पाय वर ठेवायचे आधार असतात त्यांचे) जेल पॅड घेतले. टाचेचे एक नंबर आहेत बाप्पा. पॅड पोटरीखाली लांब जातं, वजन पसरतं अन टाच टेबलाला टेकतच नाही, हेच तर पाहिजे ना, कारण टाचेच्या हाडावर मांस नसतंच आणि भूल दिलेला पेशंट काही पाय हलवत नाही, मग लांबलेल्या केसनंतर चादर काढली की टाच लालभडक, कधी फोडही. फक्त गुडघा ५ ते १० अंश वाकलेला ठेवा, एकदम ताठ राहिला तर गुडघ्यामागची रक्ताची शीर दबते. आणि ते टाचेखाली सलाइनची बाटली नाहीतर गुंडाळलेली चादर ठेवायचं जुगाड बंद करा आता, सगळा दाब एकाच जागी येतो.

स्टिरपच्या पॅडला मात्र तीनच स्टार. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली हाडाचा गोळा लागतो ना हाताला, तिथून पेरोनियल नर्व अगदी कातडीलगत जाते, दाबली गेली तर फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही, आणि नेमकं तिथंच पॅड पातळ! आम्ही वरून फोम लावतो. वेल्क्रोपण ढिला आहे.

दुकानवाले भाऊ बोलायला चांगले, पण पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत.