पन्नास दाण्यांचे पाकीट: धडगावचा पांढरा मका परसबागेत

गेल्या जूनमध्ये पुण्यातल्या एका बियाणे प्रदर्शनात 'देशी पांढरा मका, धडगाव' असे छापलेले एक पाकीट मी 60 रुपयांना घेतले. आत मोजून 50 दाणे होते आणि सोबत लागवडीची चिठ्ठी होती. हंगाम संपून बियाणे डब्यात गेल्यावरच हे परीक्षण लिहितो आहे, कारण देशी बियाण्याची खरी पारख कणीस भाजून खाल्ल्यावर होत नाही. त्या कणसातून पुढच्या वर्षीचे बी धरता आले का, यावर होते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात पावरा आणि भिल्ल कुटुंबे मका पिढ्यान्‌पिढ्या भाकरीसाठी पिकवतात आणि 'बायफ' या संस्थेच्या साथीने तिथल्या शेतकऱ्यांनी मका व ज्वारीचे स्थानिक वाण जतन केले आहेत. पाकिटातले दाणे त्या लौकिकाला शोभणारे होते: कडक, चकचकीत, मध्यम आकाराचे आणि कीड नसलेले. दोन दाणे मात्र पिवळसर दिसले, ते मी पेरण्याआधीच बाजूला काढले. उरलेल्या 48 पैकी 43 उगवले. घरगुती पाकिटाच्या मानाने ही उगवण चांगलीच म्हणायला हवी.

चिठ्ठीत 'कुंपणाच्या कडेने एका ओळीत लावा' असे सांगितले आहे. हा सल्ला मी मानला नाही आणि इतर कोणी मानू नये. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. पराग देणारा तुरा शेंड्याला आणि कणीस खोडाच्या मध्यावर असल्यामुळे एका ओळीतला बराचसा पराग वाया जातो आणि कणसे बोळकी भरतात. कणसातल्या प्रत्येक केसाच्या तळाशी एक दाणा असतो, ज्या केसाला पराग मिळत नाही त्याच्या जागी दाणा भरत नाही. म्हणून मी 2 फुटांवर 5 ओळी आणि ओळीत फूटभर अंतरावर 8 रोपे असा 40 रोपांचा चौकोन केला. लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, दिसलीच; निंबोळी अर्काच्या फवारण्या आणि रोज सकाळी हाताने वेचणे एवढ्यावर ती आटोक्यात राहिली.

खरी गोम पुढे आहे. कणसे सोलली तेव्हा पूर्वेकडच्या कडेच्या ओळीतल्या कणसांत मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यांमध्ये मधूनच पिवळे दाणे चमकत होते. एका कणसात मी असे 19 मोजले. पहिला राग विक्रेत्यावर आला, पण तो चुकीचा होता. मक्यात पिवळा रंग पांढऱ्यावर वरचढ असतो आणि परका पराग पडला की त्याच कणसात, त्याच हंगामात तो दिसतो. मी पेरलेले सगळे दाणे पांढरे होते, म्हणजे पिवळेपणा बाहेरून आला होता, आणि दोन घरे पलीकडे शेजाऱ्यांनी स्वीटकॉर्न लावले होते. प्रमाणित बियाण्यासाठी मक्याच्या दोन वाणांत किमान 200 मीटर अंतर राखावे लागते. वसाहतीत एवढे अंतर कुठून आणायचे?

उपाय आहे, आणि तो मी मधल्या 10 रोपांवर केला होता. केस बाहेर पडण्याआधीच कोवळ्या कणसावर कागदी पिशवी चढवायची, आत केस आले की संध्याकाळी तुऱ्याला दुसरी पिशवी बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी तुरा झटकून जमलेला पराग तीन-चार झाडांचा एकत्र करून केसांवर टाकायचा आणि लगेच पिशवी पुन्हा बांधायची. केस पिवळट रेशमासारखे असतात आणि पराग पडला की चिकटून बसतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे, पण वारा सुटण्याआधी उरकावे लागते. या 10 कणसांत एकही पिवळा दाणा नव्हता. चिठ्ठीत याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, उलट '8-10 झाडांतून दरवर्षी बी धरा' असा सल्ला दिला आहे.

माझी मुख्य तक्रार याच वाक्याबद्दल आहे. मका हे परपरागीभवनाचे, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर पडून दाणे धरणारे, पीक असल्याने मोजक्याच झाडांचे बी वर्षानुवर्षे धरत गेले की झाडे खुजी होतात, कणसे लहान पडतात आणि वाणाचा जोम जातो. बी निदान शंभरेक झाडांमधून घ्यावे, असे जाणकार सांगतात. मग 50 दाण्यांचे पाकीट हा बियाण्याचा नमुना झाला, बियाणे नव्हे. विक्रेत्याने 200 दाण्यांचे पाकीट काढावे, किंवा तीन-चार घरांनी मिळून एकच वाण लावून शेवटी बी एकत्र करावे, असे तरी छापावे.

बी मात्र खरेच उत्तम आहे. पाने पूर्ण वाळून दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आल्यावर कणसे काढली, साल मागे ओढून दोन-दोन बांधून ओसरीत टांगली आणि दाणा दाताखाली कट्‌ असा फुटू लागल्यावर मधल्या भागातलेच दाणे काढून राखेत कालवून ठेवले. पिवळे दाणे पडलेल्या कणसांचे पीठ केले. त्याची भाकरी थापताना थोडी फुटते, पण गोडसर लागते. पुढच्या जूनसाठी त्याच विक्रेत्याकडे याच वाणाची तीन पाकिटे सांगून ठेवली आहेत.